वंशावळ लिहायला बसताना : बेळगाव सीमाभागातल्या घरांसाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबा वारले, खानापूर तालुक्यातल्या घराच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक निघाली, आणि तिच्यात मोडी, कन्नड, बाळबोध (म्हणजे देवनागरी) असे तिन्ही प्रकारचे कागद सापडले. विचारणारे नोकरीनिमित्त पुण्यात असतात. त्यांना कन्नड बोलता येतं पण वाचता येत नाही, आणि मुलांना तेवढंही येत नाही. मूळपुरुषापर्यंत वंशावळ लावायची आहे, ती मुलांना पुढे चालवता आली पाहिजे, आणि मोडी वाचणाऱ्याला किती पैसे द्यावेत हेही त्यांनी विचारलं आहे.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. मोडीवाल्याला आत्ता एक पैसाही देऊ नका. ट्रंक इतकी वर्षं थांबली, आणखी सहा महिने थांबेल. पण आजोबांची बहीण, त्यांची चुलत भावजय, गावात राहिलेली एखादी नव्वदीची आत्या यांचं तसं नाही. ज्या घरांच्या वंशावळी मी लावल्या, त्यांतल्या बहुतेकांनी कागदापासून सुरुवात केली होती. कागद वाचून होईपर्यंत त्यातली नावं ओळखणारं माणूस उरलेलं नसायचं. ‘कल्लाप्पा बिन यल्लाप्पा’ एवढं मोडीतून निघतं, पण आपल्या गावात त्या काळी तीन कल्लाप्पा बिन यल्लाप्पा असू शकतात. त्यातला आपला कोणता, हे फक्त म्हातारं माणूस सांगतं.

आजोबांच्या पिढीतल्या बायकांकडे आधी जा. पुरुष जमिनीचं आणि भांडणाचं सांगतात. सोयरीक, बाळंतपण, कोण कुठं दिलं, कोण लहानपणी गेलं हे बायकांना पाठ असतं. पण ‘तुमचा जन्म कधीचा’ असं विचारू नका. त्याचं उत्तर एक तर आधार कार्डावरचं मिळेल, नाही तर ‘काय की बाबा’ असं मिळेल. आठवण घटनेला बांधून घ्या. ‘गावात वीज आली तेव्हा तुमचं लग्न झालेलं होतं का?’ ‘बहात्तरच्या दुष्काळात थोरला किती मोठा होता?’ ‘कन्नड सक्तीविरुद्ध आंदोलन झालं तेव्हा धाकटा कितवीत होता?’ हे आंदोलन जून 1986 चं, म्हणजे मुलाचं जन्मवर्ष एखाद-दुसऱ्या वर्षाच्या फरकानं हाताला लागतं. मागच्या पिढ्यांसाठीही अशाच खुणा आहेत. मानमोडीची (इन्फ्लुएंझाची) साथ 1918 ची. गांधीजी काँग्रेसच्या अधिवेशनाला बेळगावात आले ते डिसेंबर 1924. प्लेगचं साल मात्र जपून वापरा. प्लेग 1896 नंतर कितीतरी वर्षं पुन्हा पुन्हा येत राहिला, त्यामुळे ‘प्लेगात माळावर झोपड्या घालून राहिलो’ एवढ्यावरून वर्ष ठरत नाही. कन्नड बोलणाऱ्या घरांत अजून धातू-ईश्वर दुष्काळाचं नाव निघतं. ही संवत्सरांची नावं आहेत, धाता आणि ईश्वर. शके 1798 आणि 1799, म्हणजे 1876 ते 1878.

आणखी एक प्रश्न मी कधीच चुकवत नाही: ‘आपण सुतक कुणाकुणाचं धरतो?’ भाऊबंद कोण हे विचारलं की लोक भांडणं आठवून नावं गाळतात, पण सुतकात गाळत नाहीत. कितीही वाकडं असलं, तोंड बघत नसले, तरी सुतक धरतात. त्या घरांची यादी केली की चार-पाच पिढ्यांपूर्वी कुठल्या भावांपासून शाखा फुटल्या याचा आराखडा तयार होतो. तसंच म्हाळाचं. भटजी म्हाळाला किंवा श्राद्धाला नावं म्हणून घेतात तेव्हा बाप, आजा, पणजा आणि आई, आजी, पणजी यांच्याबरोबर आईच्या माहेरचेही तीन पुरुष येतात. घरात कुणी तरी ही नावं चिठ्ठीवर लिहून ठेवलेली असतात, कारण दरवर्षी ऐनवेळी आठवत नाहीत. ती चिठ्ठी पंचांगात, देव्हाऱ्याच्या खणात किंवा जुन्या पोथीत सापडते.

बोलणं फोनवर रेकॉर्ड करा. सुरुवातीला तारीख, गाव, कोण बोलतंय आणि कोण विचारतंय हे मोठ्यानं म्हणा. मुलाखत एका बैठकीत संपवू नका. पहिल्या दिवशी जे आठवत नाही ते रात्री अंथरुणावर आठवतं. आणि जुन्या फोटोंचा अल्बम घेऊनच जा. फोटो हातात आला की गप्प बसलेली आत्यासुद्धा बोलायला लागते.

मग घरातले कागद. आपली माणसं सनदा आणि ताम्रपट शोधतात, आणि आहेराची वही रद्दीत घालतात. माझ्या मते घरातला सगळ्यात बोलका कागद हीच वही. लग्नात कुणी किती आहेर केला हे परतफेडीसाठी लिहिलेलं असतं, आणि बहुतेक वेळा गावासकट, नात्यासकट लिहिलेलं असतं. 1960 सालच्या लग्नाची एक आहेराची वही म्हणजे त्या वर्षी आपली सोयरीक कुठंकुठं पसरली होती याचा नकाशाच. तिच्याच जोडीला लग्नपत्रिका, जन्मपत्रिका (तिथं वेळेसकट अस्सल जन्मतारीख मिळते), किराणा दुकानाची खतावणी, सैन्यातल्या काकाची पत्रं. देव्हाऱ्यातले टाक उलटून बघा. काही घरांत मूळपुरुषाचा किंवा लढाईत पडलेल्या वीराचा टाक असतो. नाव कोरलेलं नसतं, पण तो कुणाचा हे घरातल्या थोरल्या सुनेला माहीत असतं, कारण पूजा तीच करते.

सैन्याचं वेगळं सांगतो, कारण या भागात ते घरोघर आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात असल्यानं खानापूर, बेळगाव, चंदगड पट्ट्यातली कितीतरी घरं पिढ्यान् पिढ्या पलटणीत गेलेली आहेत. पहिल्या महायुद्धातलं पदक घरात असेल तर त्याची कड भिंगातून बघा. शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कडेवर कोरलेली असते. पदक चिंचेनं किंवा पावडरीनं घासू नका, कडेवरची अक्षरंच झिजतात. जे परत आले नाहीत त्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत ऑनलाइन, फुकट शोधता येतात, आणि काही नोंदींत बापाचं नाव आणि गावही असतं. मेसोपोटेमियात पडलेल्या आपल्याकडच्या शिपायांची नोंद बहुतकरून बसऱ्याच्या स्मारकाखाली सापडते. नावाचं इंग्रजी स्पेलिंग मात्र चार-पाच प्रकारे घालून बघा.

आता कचेरी. इथं सीमाभागातल्या माणसाला एक गोष्ट आधी नक्की करावी लागते, जी साताऱ्याच्या माणसाला इतकी करावी लागत नाही: आपलं गाव कोणत्या वर्षी कुणाच्या अमलाखाली होतं. आजचा बेळगाव जिल्हा एकसंध दिसतो, पण 1948-49 पर्यंत तो ठिगळांचा होता. शहराला लागून असलेलं शहापूर सांगली संस्थानचं. रायबाग कोल्हापूरचं. रामदुर्ग स्वतंत्र संस्थान. कुरुंदवाड, जमखिंडी या पटवर्धनी संस्थानांचे तुकडेही याच पट्ट्यात. उरलेला मुलूख खालसा, म्हणजे मुंबई इलाख्यातला. बेळगाव जिल्हाच 1836 मध्ये धारवाडपासून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीचे इंग्रजी कागद धारवाडच्या नावाखाली असतात. दक्षिणेतली संस्थानं मार्च 1948 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली, कोल्हापूर एक वर्षानं, 1 मार्च 1949 ला. मग 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पण चंदगड तालुका तेवढा वगळून. तो कोल्हापूर जिल्ह्यात आला. म्हणून चंदगडच्या घराचे 1956 पूर्वीचे जिल्हा पातळीवरचे कागद शोधताना बेळगावचा विचार करावा लागतो, आणि शहापूरच्या घराचे संस्थानी कागद शोधताना सांगलीचा.

एका वहीत आपल्या गावापुढे हे सगळे बदल वर्षांसह लिहून ठेवा. मुलं पुढं हे काम करतील तेव्हा त्यांना नावांच्या यादीपेक्षा या एका पानाचा जास्त उपयोग होईल, कारण कुठल्या दारात जायचं ते त्यावरून कळतं.

शेतजमीन असेल तर पुढचा रस्ता सोपा आहे. आजची पहाणी, म्हणजे आरटीसी (तिकडचा सातबारा), कर्नाटक सरकारच्या भूमी संकेतस्थळावर मिळते. ती संगणकावर आली 2000 च्या सुमारास. त्यातला आर. एस. नंबर (रि. स. नंबर, जमिनीचा सर्व्हे नंबर) घ्या आणि तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये मागे मागे चला: हाती लिहिलेल्या पहाण्या, त्यामागे हक्कनोंदणी, आणि वारसाच्या डायऱ्या. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा 1903 चा, म्हणजे नशीब असेल तर तुमच्या पणजोबांच्या बापाचं नाव तिथं भेटतं. वारसाची डायरी म्हणजे सोनं. अमुक मयत, वारस हे, वय इतकं, नातं असं, सगळं एका परिच्छेदात. फक्त डायरीची तारीख ही मृत्यूची तारीख समजू नका. बाप गेल्यावर दहा-पंधरा वर्षांनी, कर्ज काढायची वेळ आली म्हणून वारसा लावलेली उदाहरणं ढिगानं आहेत.

डायरी वाचताना काही खुणा ठाऊक हव्यात. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. कन्नड उताऱ्यात ‘तंदे’ आलं तर बाप, ‘गंड’ आलं तर नवरा. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान वारसाचा पालनकर्ता, बहुधा आई, आणि त्यावरून बाप तरुणपणी गेला हे कळतं. सगळ्यात फसवं अक्षर ‘ए.कु.मॅ.’, एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तिथं थोरल्या भावाचं एकट्याचं नाव असतं आणि खालचे तीन भाऊ कागदावर नसतातच. त्या एका नावावरून ‘पणजोबा एकुलते होते’ असं लिहिलेल्या वंशावळी मी पाहिल्या आहेत. पुढच्या वाटणीच्या डायरीत ते भाऊ, किंवा त्यांची मुलं, एकदम उगवतात, आणि मग ती कुठून आली म्हणून घरात वाद होतो.

मुलींचं काय, हा प्रश्न इथंच येतो. 1956 पूर्वीच्या वारसा नोंदीत लेकी जवळजवळ नसतात. हिंदू वारसा कायदा त्याच वर्षी आला आणि त्यानंतरच्या डायऱ्यांत मुली दिसू लागल्या, बहुतेकदा लगेच पुढच्या नोंदीत हक्कसोड करून बाहेर पडण्यासाठी. हक्कसोडपत्राला बायका हसून ‘साडीचोळीवर सही घेतली’ म्हणतात. हसण्यामागं काय आहे ते सोडून देऊ, पण वंशावळ लिहिणाऱ्याला तो कागद मोलाचा आहे: लेकीचं सासरचं पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, गाव, वय, सगळं एकाच ठिकाणी. तुमच्या आजोबांच्या बहिणी अशाच सापडतील. आणि कृपा करून वंशावळीत त्यांना घाला. ‘मुली परक्या घरच्या’ म्हणून गाळलेली वंशावळ ही अर्धी वंशावळ. नाव लिहिताना माहेरचं आणि सासरचं दोन्ही लिहा, कारण लग्नात नाव बदललं असेल तर शाळेच्या दाखल्यावरची शांता आणि पहाणीवरची लक्ष्मी एकच, हे पन्नास वर्षांनी कुणालाच कळणार नाही.

घराकडे पाटीलकी, कुलकर्णीपण किंवा कुठलंही वतन असेल तर वतनाचे कागद मागा. 1874 च्या वतन कायद्याखाली वतनदारांची रजिस्टरं ठेवली गेली, आणि वारसाच्या वादांमुळे त्यांच्याबरोबर वंशावळीही जोडल्या गेल्या. वतन म्हटलं की लोकांना पाटलाचा वाडाच दिसतो, पण वतनी महारांचीही नोंद यात आहे, आणि इनामं घेऊन गावरक्षणाचं काम करणाऱ्या शेतसनदींचीही कागदपत्रं या भागात सापडतात. ‘आमच्याकडे कुठले आले कागद’ म्हणणाऱ्या घरांनी इथं जरूर बघावं. कर्नाटकात ही वतनं 1961 च्या कायद्यानं गेली, कायदा अमलात आला 1 फेब्रुवारी 1963 ला. त्या वेळच्या जमीन परत मिळण्याच्या फायलींतही नाती लिहिलेली आहेत. जमीन नव्हती, कुळानं करत होतो, असं असेल तर जमीन सुधारणा कायद्याच्या 1974 च्या दुरुस्तीनंतर कुळांनी भरलेले फॉर्म नंबर 7 आणि त्यावरचे जमीन न्यायमंडळाचे जबाब बघा. ‘माझा आजा ही जमीन कसत होता’ असं शपथेवर सांगितलेलं वाक्य दुसरीकडे मिळत नाही.

दिवाणी कोर्टातला वाटणीचा दावा असेल तर लपवू नका, नक्कल काढा. वादीनं एक वंशावळ दिलेली असते, प्रतिवादीनं दुसरी. दोन्ही शेजारी ठेवल्या की जिथं दोघांचं जुळतं ते जवळजवळ खात्रीचं, आणि जिथं जुळत नाही तिथं खरी गोष्ट दडलेली असते: दुसरं लग्न, दत्तक, लहानपणी घर सोडून गेलेला भाऊ.

शाळेच्या जनरल रजिस्टरबद्दल एवढंच की 1 जून ही जन्मतारीख दिसली तर ती गुरुजींनी घातलेली समजा. नाव लावताना मूल सहा वर्षांचं दिसावं म्हणून ती घातली जायची. वर्षही त्यामुळे इकडेतिकडे होतं. बापाचं नाव, गाव आणि पूर्वीची शाळा मात्र सहसा बरोबर असते.

बेळगावच्या वर्तमानपत्रांतल्या निधनवार्ता विसरू नका. ‘तरुण भारत’ 1919 पासून आहे. ‘त्यांच्या पश्चात पत्नी, तीन मुलगे, दोन विवाहित मुली, जावई, नातवंडं’ ही ओळ कंटाळवाणी वाटते, पण निधनाची नक्की तारीख आणि हयात माणसांचा हिशेब एकदम मिळतो. घरात कापून ठेवलेलं कात्रण असेल तर त्यावर तारीख आणि वर्तमानपत्राचं नाव आधी लिहा. कात्रणावर ते कधीच नसतं.

घराबाहेरची वंशावळ ठेवणारी माणसंही आहेत. कन्नड पट्ट्यात, आणि आपल्या काही गावांतही, हेळवी येतात. बैल घेऊन गावोगाव फिरायचे, आता गाडीनंही येतात. घराची पूर्वीची नावं म्हणून दाखवतात, नवी जन्मलेली मुलं वहीत चढवतात आणि धान्य-पैसा घेऊन जातात. लिंगायत, कुरुबर आणि इतर शेतकरी घरांत त्यांचा राबता जास्त. तुमच्या गावात कुणाकडे येतात याची चौकशी करा आणि आले की फोन करायला सांगून ठेवा. तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यांच्या वह्या हा दुसरा ठेवा. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, गया, हरिद्वार इथं कोण कधी आलं हे त्याच्याच सहीनं सापडतं. त्र्यंबकला त्याला नामावळ म्हणतात. तिथं आडनावापेक्षा मूळ गाव सांगावं लागतं, आणि ते आजच्या राहत्या गावापेक्षा वेगळं असू शकतं. हरिद्वारच्या वह्यांचं मायक्रोफिल्मिंग अमेरिकेतल्या यूटाच्या वंशावळ संस्थेनं 1970 च्या दशकात सुरू केलं, पण पंड्यासमोर बसून वही उलगडणं वेगळंच. जोतिबाला आणि तुळजापूरला आपल्या घराचे ठरलेले पुजारी असतील तर त्यांनाही विचारा. जाताना आजवर जमलेली नावं लिहून न्या, आणि परत येण्याआधी त्यांच्या वहीत आपली आजची पिढी, मुलींसकट, चढवा. बहुतेक लोक हे करायचं विसरतात.

मूळ गावावरून आठवलं. आपल्याकडची ‘कर’ लावलेली आडनावं घराणं कुठून आलं ते सांगतात, कुठं राहतं ते नाही. कडोलकर हे नाव कडोलीत पडत नाही; कडोली सोडून दुसरीकडे गेल्यावर तिथले लोक ते लावतात. म्हणून आडनावातल्या गावी जाऊन आपल्या आडनावाची माणसं शोधू नका. तिथं आपले भाऊबंद वेगळ्याच आडनावानं, बहुधा पाटील म्हणून किंवा एखाद्या टोपणनावानं, नांदत असतील. देवक, कुलदैवत आणि सुतक यांच्यावरून ते ओळखता येतात. शिवाय एकच आडनाव मराठी दाखल्यावर एक, कन्नड पहाणीवर दुसरं आणि पासपोर्टवर तिसरं असं होऊन बसलेलं असतं. तिन्ही रूपं जशीच्या तशी नोंदवा, ‘दुरुस्त’ करू नका.

आता मोडी. आतापर्यंतचं काम झालं असेल तर ट्रंकेतले निम्मे कागद न वाचताच कळायला लागतील, आणि मग मोडीवाचकाकडे जा. 2023 मध्ये महाराष्ट्रात न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं कुणबी नोंदींचा शोध सुरू केल्यापासून मोडी जाणणाऱ्यांना मागणी फार वाढली आहे, आणि दरही. पानावर दर ठरवा, पण सारांश घेऊ नका. ओळीला ओळ लिप्यंतर मागा, न लागलेलं अक्षर रिकामं सोडायला सांगा. जो वाचक एकही जागा रिकामी सोडत नाही त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ एकच, आणि नावांची अक्षरं एकमेकांत मिसळतात. शक्य असेल तर स्वतःच शिका. महाराष्ट्राचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, आणि तीन-चार महिन्यांच्या सरावानं खरेदीखत लागायला लागतं, कारण त्याचा साचा ठरलेला असतो.

कालगणना लागली की कागद उघडतो. शके असेल तर 78 मिळवा. जुन्या मराठी कागदात अरबी शब्दांत शुहूर सन असतो: ‘खमस समानीन मया व अलफ’ म्हणजे पाच, ऐंशी, शंभर आणि हजार, एकूण 1185, त्यात 599 मिळवले की 1784-85. फसली सन असेल तर 590. हे हिशेब कागदाच्या कडेला करू नका, वेगळ्या चिठ्ठीवर करा.

एक इशारा इथंच देतो. मोडी कागद सापडला की घरात लगेच कुणी तरी म्हणतं, आपण अमक्या सरदाराचे वंशज, किंवा थेट चितोडचे. अशी वंशावळ तयार करून, जुनाट कागदावर छापून देणारेही आहेत. घेऊ नका. चार पिढ्या पुराव्यासह आणि पाचवी ‘ऐकीव’ असं प्रामाणिकपणे लिहिलेलं घराणं मला चाळीस पिढ्यांच्या चकचकीत चार्टपेक्षा जास्त थोर वाटतं. आमच्या धंद्यात हे सांगितलं की गिऱ्हाईक नाराज होतं, पण इलाज नाही.

आता लिहायचं कसं. प्रत्येक माणसासाठी एक पान करा, आणि प्रत्येक नोंदीपुढं ती कुठून आली ते लिहा: ‘जन्म सुमारे 1912, नातसुनेनं सांगितलं, मे 2024’, ‘मृत्यू 1951 पूर्वी, वारसा डायरी, रि. स. नंबर अमुक’. दोन पुरावे भांडत असतील तर दोन्ही ठेवा. झाडाचा मोठा तक्ता भिंतीवर छान दिसतो, पण पुढच्या पिढीला काम पुढं न्यायचं तर तिला तुमच्या निष्कर्षापेक्षा तुम्ही तिथं कसे पोचलात हे जास्त उपयोगी पडेल. पुरावा नसेल तर ती पहिल्यापासून सुरू करेल. संगणकावर करायचं तर ग्रॅम्प्स हे फुकट सॉफ्टवेअर पुरेसं आहे, देवनागरी चालते, आणि माहिती जेडकॉम प्रकारात बाहेर काढता येते म्हणजे उद्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घालता येईल. ऑनलाइन झाड करणाऱ्या कंपन्यांवर हयात माणसांच्या जन्मतारखा आणि आयांची माहेरची आडनावं टाकू नका. डीएनए चाचणी आपल्या कामाला सध्या फारशी उपयोगी नाही. तुमच्या भाऊबंदांपैकी कुणी केली नसेल तर जुळणार कुणाशी?

हयात माणसांची माहिती झाकायची तशा घरातल्या काही गोष्टीही काही काळ झाकून ठेवायच्या असतात. दुसरं लग्न, दत्तक, सोडून दिलेली बायको, लग्नाआधीचं मूल. खोडू नका, पण ते पान वेगळ्या पाकिटात ठेवा आणि वर ‘अमुक सालानंतर उघडावं’ असं लिहा. त्या माणसाची मुलं हयात आहेत तोवर तो कागद आपला नाही, त्यांचा आहे.

राहिली ट्रंक. खानापूरचा पाऊस ठाऊकच आहे. माळ्यावरचा कागद जूननंतर ओल धरतो, मग कसर आणि वाळवी. लॅमिनेशन कधीही करू नका, सेलोटेप लावू नका, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका, आत ओल कोंडते. टाचण्या आणि गंजलेल्या पिना हलक्या हातानं काढा. कडक घड्या जोर लावून उलगडू नका. पावसाळ्यात हवेतल्या ओलीनं कागद आपोआप थोडा सैल होतो, तेव्हा उलगडा आणि लगेच कोरड्या जागी ठेवा. जुन्या दफ्तरांसारखं, धुतलेल्या पांढऱ्या सुती रुमालात बांधा, खाली-वर जाड कागद घाला, वेखंडाचे तुकडे कापडात गुंडाळून जवळ ठेवा, पण कागदाला लागू देऊ नका. पेटी जमिनीपासून उंच आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर. वर्षातून एकदा, दिवाळीनंतर कोरडी हवा पडली की, उघडून बघा. उन्हात वाळत घालू नका, शाई उडते.

स्कॅन कागदाचं 300 डीपीआयला, फोटोचं 600 ला, मागच्या बाजूसकट. मागं कुणी तरी काही लिहिलेलं असतं. फोटोच्या मागं नाव लिहायचं तर मऊ शिसपेन्सिलीनं, कडेला. फाइलला नाव द्या, ‘आयएमजी 4031’ असं सोडू नका: वर्ष, गाव, कागदाचा प्रकार, मुख्य माणूस. भावंडांना व्हॉट्सअॅपवर पाठवाल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून; नाही तर तो दाबून लहान होतो आणि तीच धूसर प्रत पुढं घराघरांत राहते. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावी. आणि मुख्य म्हणजे छापा. चाळीस-पन्नास पानांची साधी पुस्तिका, पंचवीस प्रती, प्रत्येक शाखेला एक आणि दिलेल्या लेकींच्या घरी एकेक. हार्ड डिस्क बिघडते, पासवर्ड विसरतो, पण आत्याच्या कपाटातली पुस्तिका राहते. पुस्तिकेत मूळ कागद कुणाच्या घरी आहेत ते लिहा, आणि शेवटी दहा कोरी पानं सोडा.

ट्रंक कुणाकडे राहणार हे आत्ताच, सगळे भाऊ बसलेले असताना, ठरवा. ती थोरल्याकडेच जावी असं नाही. ज्याला आवड आहे त्याच्याकडे जावी, मग ती पुतणी असो किंवा भाची. आजोबांची बहीण हयात असेल तर पुढच्या सुट्टीत आधी तिच्याकडे जाऊन या, अल्बम बरोबर घेऊन. फोन चार्ज करून न्या. गावात अजून दुपारची लाइट जाते.